थ्री रिव्हर्स ते नागीझी : न्यू मेक्सिकोतल्या तेलाच्या पैशामागे

शनिवार

न्यू मेक्सिकोत लोक येतात ते सांता फेची मातीची घरं, अलामोगोर्डोजवळची पांढरी वाळू, नाहीतर ऑक्टोबरात आकाशात उडणारे गरम हवेचे फुगे बघायला. तेल बघायला कोणी येत नाही. आम्हीही त्यासाठी आलो नव्हतो. भाचा अल्बुकर्कीला असतो, त्याच्याकडे उतरलो होतो. जेवताना भाचेसून म्हणाली, "मामा, एक नोव्हेंबरपासून आमच्या छोटीच्या पाळणाघराची फी बंद. उत्पन्नाची अटसुद्धा नाही, सगळ्यांनाच." गव्हर्नर मिशेल लुहान ग्रिशम यांनी त्याच, म्हणजे २०२५ च्या, सप्टेंबरात तशी घोषणा केली होती. सरकारच्या हिशेबाने एका मुलामागे वर्षाला सरासरी १२,००० डॉलर वाचणार.

उभी हयात बँकेत गेलेला माणूस मी. फुकट शब्द ऐकला की पैसे कोण भरतंय ते विचारल्याशिवाय घास उतरत नाही. भाचा म्हणाला, "तेल." अल्बुकर्कीत तेलाची एकही विहीर दिसत नाही. त्या बहुतेक सगळ्या चार-पाच तासांवर, राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, ली आणि एडी या दोन काउंट्यांत. २१ लाख लोकवस्तीचं हे राज्य २०२४ मध्ये दिवसाला २० लाख बॅरलच्या आसपास तेल काढत होतं. म्हणजे माणशी रोज जवळजवळ एक बॅरल. अमेरिकेत याच्यापुढे फक्त टेक्सास. भाच्याने आठवड्याची रजा टाकली आणि आम्ही तिघं, म्हणजे तो, मी आणि ही, निघालो.

दक्षिणेला सॅन अँटोनियो नावाच्या खेड्यापर्यंत हमरस्ता, तिथून पूर्वेला वळण. गावोगाव हिरव्या मिरच्या भाजण्याचे जाळीचे पिंजरे फिरत होते. त्या वासाने हिला हुरूप आला. कॅरिझोझोजवळ गोठलेल्या लाव्हाचं काळं रान लागतं. ते ओलांडून दक्षिणेला वळलं की अर्ध्या तासात थ्री रिव्हर्स.

इथे लोक खडकांवरची चित्रं बघायला थांबतात. जोर्नाडा मोगोयॉन लोकांनी कोरलेली २१,००० हून अधिक चित्रं एका लांबट टेकाडावर पसरली आहेत. आम्हीही बघितली. उन्हात तासभर फिरलो. पण माझं लक्ष पलीकडच्या कुरणांकडे होतं, कारण तिथे अल्बर्ट फॉलचं रँच होतं.

न्यू मेक्सिको १९१२ मध्ये राज्य झालं, तेव्हा वॉशिंग्टनला गेलेल्या पहिल्या दोन सेनेटरांपैकी फॉल एक. १९२१ मध्ये तो अध्यक्ष हार्डिंग यांच्या मंत्रिमंडळात गृहखात्याचा मंत्री झाला. हे गृहखातं म्हणजे आपल्यासारखं पोलिसांचं नव्हे, तर सरकारी जमिनींचं. नौदलासाठी राखून ठेवलेले तेलसाठे त्याने १९२२ मध्ये निविदा न मागवता दोघांना देऊन टाकले. वायोमिंगमधला टीपॉट डोम हॅरी सिंक्लेअरला आणि कॅलिफोर्नियातला एल्क हिल्स एडवर्ड डोहेनीला. डोहेनी आणि फॉल न्यू मेक्सिकोतल्याच किंग्स्टनच्या चांदीच्या खाणींपासूनचे जुने दोस्त. डोहेनीच्या मुलाने १९२१ च्या नोव्हेंबरात एका काळ्या पिशवीतून रोख एक लाख डॉलर फॉलला नेऊन दिले होते. ते इथे थ्री रिव्हर्सला शेजारची जमीन घ्यायला वापरले गेले. खाबूगिरी उघडी पडली ती अशानेच. वर्षानुवर्षं कर थकवणाऱ्या माणसाचं रँच एकाएकी सुधारायला लागलं, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेतून कसं सुटणार?

पुढचा निकाल वाचून आमच्या बँकेतली खातेनिहाय चौकशी आठवली. लाच घेतल्याबद्दल फॉल दोषी ठरला. तीच लाच दिल्याच्या आरोपातून डोहेनी निर्दोष सुटला. मंत्रिपदावरच्या गुन्ह्यासाठी तुरुंगात गेलेला फॉल हा अमेरिकेचा पहिला मंत्री. १९३१ मध्ये त्याला ठेवलं तेही सांता फेच्या तुरुंगात, स्वतःच्याच राज्यात.

रँच आता खासगी आहे. रस्त्यावरून काही दिसत नाही. संध्याकाळी पांढऱ्या वाळूत गेलो. ती अप्रतिम आहे, पण तिच्यावर सगळ्यांनी लिहिलेलं आहे.

रविवार

अलामोगोर्डोत अंध मुलांची राज्य सरकारी शाळा आहे. तिच्याजवळून जाताना भाच्याने गाडी हळू केली. तेलाचा पैसा नेमका कसा वाहतो हे समजायला ही शाळा चांगली.

अमेरिकेत जमिनीची मोजणी सहा मैल बाय सहा मैलांच्या चौकोनांत झाली. एका चौकोनात एकेक चौरस मैलाचे ३६ तुकडे. १८९८ च्या कायद्याने प्रत्येक चौकोनातला १६ वा आणि ३६ वा तुकडा शाळांसाठी बाजूला काढला गेला. १९१० च्या कायद्याने त्यात २ रा आणि ३२ वा आला. इतर संस्थांनाही वेगळ्या जमिनी मिळाल्या. त्यांत विद्यापीठं, इस्पितळं, ही अंधशाळा, रॉसवेलची सैनिकी शाळा. त्या वेळी या तुकड्यांवर गवतही धड उगवत नव्हतं. भाडं मिळायचं ते गुरं चारणाऱ्यांकडून. त्याच्याखाली काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नव्हतं आणि घेणाऱ्यालाही. आज राज्याच्या विश्वस्त जमिनीचा पृष्ठभाग ९० लाख एकर आणि खनिजांचे हक्क सुमारे १ कोटी ३० लाख एकरांवर आहेत. तिथून निघणाऱ्या तेलाची रॉयल्टी थेट खर्चात जात नाही. ती कायमस्वरूपी निधीत पडते. खर्चाला मिळतो तो निधीच्या पाच वर्षांच्या सरासरी मूल्याचा ठरलेला टक्का. सरासरी घेणारा माणूस शहाणा होता. तेलाचा भाव चढला म्हणून शाळा उधळी होत नाही, पडला म्हणून फळा-खडू बंद होत नाही.

क्लाउडक्रॉफ्टचा घाट चढून देवदारांतून पलीकडे उतरलो. होप नावाचं जवळजवळ ओस गाव गेलं, आणि मग क्षितिजावर तेल उपसणारे पहिले पंपजॅक दिसले. मान खाली-वर करणारे, एका लयीतले. "हे कोणाचं ऐकून माना डोलावतायत?" ही म्हणाली.

आर्टेशियाजवळच १९२४ मध्ये 'इलिनॉय क्रमांक ३' या विहिरीला तेल लागलं. आग्नेय न्यू मेक्सिकोतली ही पहिली व्यापारी विहीर, आणि ती राज्याच्या विश्वस्त जमिनीवर होती. फ्लिन, वेल्श आणि येट्स यांची ती तिसरी खटपट. पहिल्या महिन्याची रॉयल्टी दीडशे डॉलरच्याही आत होती असं सांगतात. गावाच्या मध्यात ड्रिलिंग करणाऱ्या कामगारांचं कांस्याचं मोठं शिल्प आहे. डेरिकच्या फळ्यांवर साखळी आणि चिमटे धरून उभे असलेले चौघे, खऱ्या माणसांहून मोठे. तेलाचं स्मारक म्हणून मला ते फार आवडलं. त्यात मालक नाही, शर्ट मळलेले आहेत.

शिल्पापासून चालत जाण्याच्या अंतरावर तेलशुद्धीकरण कारखाना आहे. गाव आणि कारखाना यांच्यात कुंपणाखेरीज काही नाही. फाटकावरची पाटी वाचून मी भाच्याला थांबायला सांगितलं. 'एचएफ सिंक्लेअर'. २०२२ मध्ये कारखान्याच्या मालक कंपनीने सिंक्लेअर ऑइल घेतली आणि नावही घेतलं. टीपॉट डोमवाला हॅरी सिंक्लेअर तो हाच. त्यालाही तुरुंगवास झाला होता, लाचेसाठी नाही. सेनेटसमोर उत्तर द्यायला नकार दिला आणि ज्युरीमागे गुप्तहेर लावले म्हणून. त्याचा हिरवा डायनोसॉर अजून पेट्रोलपंपांवर हसत असतो.

सोमवार

कार्ल्सबाड कॅव्हर्न्स, गुहांचं राष्ट्रीय उद्यान. उद्यानात जाताना वाटलं होतं, आज तेलाला सुट्टी. तसं झालं नाही.

सुमारे २६ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन काळात, इथे समुद्र होता आणि त्याच्या काठाने घोड्याच्या नालासारखा चुनखडकाचा बांध वाढला. नालाच्या आतली खोल बाजू म्हणजे डेलावेअर खोरं. तिथे मेलेल्या सूक्ष्म जीवांचा गाळ साठला, त्याचं तेल झालं. काठाचा चुनखडक पुढे वर उचलला गेला, त्याचे ग्वादलूपे डोंगर झाले. जगातल्या बहुतेक चुनखडीच्या गुहा पावसाच्या सौम्य आम्लाने, वरून खाली झिजतात. ही तशी नाही. खोऱ्यातल्या तेलसाठ्यांतून हायड्रोजन सल्फाइड वर आला, भूजलातल्या प्राणवायूशी भेटला, त्याचं गंधकाम्ल झालं आणि त्याने खडक खालून खाल्ला. पुरावा गुहेतच पडलेला आहे. 'बिग रूम' या दालनात जिप्समचे प्रचंड ढेपाळलेले ढीग आहेत. चुनखडक आणि गंधकाम्ल यांच्या झटापटीतून उरतं ते जिप्सम.

नैसर्गिक तोंडातून चालत उतरलो. सव्वा मैलाची वळणावळणाची वाट, साडेसातशे फूट खोल. गुडघ्यांनी निषेध नोंदवला. खाली वर्षभर तेरा अंश तापमान. दिवे मंद, माणसं आपोआप कुजबुजत बोलणारी. बिग रूमची फेरी आणखी सव्वा मैल. एका दालनात वेरूळचं कैलास लेणं ठेवून वर जागा उरेल की काय, यावर आमचे दोघांचे मतभेद झाले. वर यायला लिफ्ट आहे, देवाची कृपा.

संध्याकाळी गुहेच्या तोंडाशी दगडी पायऱ्यांवर बसलो. वटवाघळं बाहेर पडताना फोन, कॅमेरे पूर्ण बंद ठेवायला लावतात. १८९८ च्या सुमारास जिम व्हाइट नावाच्या तरुण गुराख्याला हा थवा लांबून धुरासारखा दिसला होता, म्हणून त्याला गुहा सापडली. थवा घोंघावत, चक्राकार वर चढत आग्नेयेकडे गेला. तो संपल्यावर त्याच दिशेला, खाली पठारावर, केशरी ठिपके दिसायला लागले. आधी गाव वाटलं. ते विहिरींवर जाळल्या जाणाऱ्या वायूचे पलिते होते.

मंगळवार

कार्ल्सबाड गावाच्या दक्षिणेला दोन महामार्ग एकत्र येतात त्या चौकातून सकाळी गेलो. या चौकाच्या बाजूला जमिनीखाली एक मोठी पोकळी होती. ड्रिलिंगला खारं पाणी लागतं. ते मिळवायला मिठाच्या थरांत गोडं पाणी सोडून मीठ विरघळवून वर काढत. २००८ मध्ये याच काउंटीत अशा दोन विहिरी काही महिन्यांच्या अंतराने कोसळून मैदानाएवढे खड्डे पडले, तेव्हा सगळ्यांचं लक्ष या गावातल्या विहिरीकडे गेलं. वर रस्ते, कालवा, रेल्वे, वस्ती. कंपनीने हात वर केले. शेवटी राज्याने कोट्यवधी डॉलर खर्चून पोकळी भरून काढली. तेलाचा पैसा मोजताना ही वजाबाकी कोणी पत्रकात छापत नाही.

त्यापुढे रस्ता ट्रकांचा. वाळूचे, पाण्याचे, पाइपांचे. २८५ क्रमांकाच्या या रस्त्याला इथले लोक मृत्यूचा महामार्ग म्हणतात. तासाभरात आमचा नवखेपणा उतरला. लव्हिंगजवळून वळून १२८ क्रमांकाच्या रस्त्याने जॅलकडे निघालो. इथलं तेल आता सरळ खाली भोक पाडून निघत नाही. दोन मैल खाली जायचं, मग आडवं वळून आणखी दोन-तीन मैल, आणि मग वाळूमिश्रित पाण्याच्या दाबाने खडक फोडायचा. एका बॅरल तेलाबरोबर तीन-चार बॅरल खारं पाणी वर येतं, समुद्राहून कितीतरी खारट. त्याचं करायचं काय, हा इथला सगळ्यात मोठा प्रश्न. ते परत जमिनीत दाबलं की भूकंपाचे धक्के बसतात. त्यामुळे न्यू मेक्सिकोने बंधनं आणली आणि पुष्कळसं पाणी नळांतून टेक्सासला जातं. तिथेही आता कुरकुर आहे.

प्रत्येक विहिरीच्या कुंपणावर पिवळी पाटी आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी. पाटीवर लिहिलेलं : विषारी वायू, हायड्रोजन सल्फाइड. काल ज्याने गुहा कोरली तोच. जास्त प्रमाणात असला की त्याचा वासही येईनासा होतो आणि माणूस तिथेच पडतो.

हॉब्सला दुपारी पोहोचलो. १९२८ मध्ये इथे तेल लागलं आणि बघता बघता माळावर शहर उभं राहिलं. तेव्हापासून चढ-उतार गावाच्या अंगवळणी पडलेत. १९८६ चा उतार, २०१५-१६ चा उतार, आणि २० एप्रिल २०२०, जेव्हा तेलाचा वायदा भाव उणे ३७ डॉलरवर गेला. म्हणजे घेऊन जा आणि वर पैसे घ्या. त्या उन्हाळ्यात सांता फेला विशेष अधिवेशन बोलावून राज्याचा अर्थसंकल्प कापावा लागला.

जेवायला बसलो तिथली बाई चार वर्षांपूर्वी टेक्सासमधल्या ओडेसाहून आलेली. नवरा पाण्याचा ट्रक चालवतो, दोन आठवडे कामावर, एक आठवडा घरी. मुलं शाळेत. मी विचारलं, शाळा बरी आहे का? "शाळा नवीन आहे," ती म्हणाली, "शिक्षक टिकत नाहीत. त्यांना घर परवडत नाही." बाजूच्या टेबलावर कोपरापर्यंत ग्रीस लागलेले चौघं स्पॅनिशमध्ये फोनवर घरच्यांशी बोलत होते. इथल्या लोकांचा एक राग आहे, तो तिने सहज बोलून दाखवला : पैसा आमच्याकडून जातो, आणि सांता फेवाले आम्हालाच प्रदूषण करणारे म्हणतात. राग अगदी खोटा नाही. २०१९ मध्ये याच राज्याने कायदा केला की २०४५ पर्यंत खासगी वीज कंपन्यांची वीज पूर्ण कार्बनमुक्त हवी. आपली वीज स्वच्छ, आपलं तेल दुसऱ्यांनी जाळायचं.

बुधवार, गुरुवार

दिवसभर गाडी. रॉसवेलला परग्रहावरच्या लोकांची दुकानं आहेत, हिने एक चुंबक घेतलं.

सांता फेचं विधानभवन गोल आहे, अमेरिकेतलं एकमेव. आत फुकट जाता येतं, कोणी अडवत नाही. इथल्या आमदारांना पगार नाही. एका वर्षी साठ दिवस, पुढच्या वर्षी तीस दिवस अधिवेशन, की घरी. या एवढ्याशा यंत्रणेकडे आज ६० अब्ज डॉलरहून मोठे निधी आहेत. राज्याच्या सर्वसाधारण उत्पन्नात तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाटा तेल आणि वायूचा. विश्वस्त जमिनीची रॉयल्टी आहे, उत्खनन कर आहे, आणि केंद्र सरकारच्या जमिनीवरून निघणाऱ्या तेलाच्या रॉयल्टीतला जवळपास निम्मा भागही राज्याला मिळतो. हे शेवटचं वाचून मी क्षणभर थबकलो.

बँकवाल्याला रस वाटेल असं भांडण इथे दहा-एक वर्षं चाललं. लहान मुलांसाठी कायम निधीतून थोडं जास्त काढावं का? सेनेटच्या अर्थसमितीचे अध्यक्ष जॉन आर्थर स्मिथ दर वेळी नाही म्हणत. मुद्दलाला हात लावला की संपलं, हे त्यांचं म्हणणं. २०२० मध्ये स्वतःच्याच पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत ते हरले. त्याच वर्षी बालसंगोपनासाठी ३० कोटी डॉलरचा वेगळा निधी सुरू झाला. तेलाच्या तेजीने तो आता १० अब्जांच्या घरात गेला आहे. २०२२ मध्ये घटनादुरुस्तीला सुमारे ७० टक्के मतदारांनी होकार दिला, आणि कायम निधीतून दरवर्षी सव्वा टक्का जास्त निघू लागला. माझं मन स्मिथ यांच्याकडे ओढ घेतं, हे कबूल. पण दुसरा आकडा बघा. मुलांच्या परिस्थितीच्या राष्ट्रीय क्रमवारीत न्यू मेक्सिको २०२५ मध्येही पन्नासावं, म्हणजे शेवटचं. २०१८ मध्ये एका न्यायालयाने निकाल दिला की गरीब, आदिवासी आणि इंग्रजी न येणाऱ्या मुलांना राज्य पुरेसं शिक्षण देत नाही. शंभर वर्षं तेल काढून, शाळांच्याच नावाने निधी साठवून ही गत. मुद्दल सुरक्षित आणि पोरं मागे, असल्या हिशेबाला आमच्या ऑडिटरनेही लाल शेरा मारला असता.

शुक्रवार

वायव्येला ५५० क्रमांकाचा रस्ता. मध्येच लाल कडे, मध्येच राखाडी ओसाड. हे दुसरं खोरं, सॅन वानचं. इथे वायू जास्त, तेल कमी. राज्याचं तेल खरं तर इथूनच वर आलं. १९२२ मध्ये, शिपरॉकजवळच्या हॉगबॅकला, नवाहो लोकांच्या जमिनीवर. कंपन्यांना करारावर सही करायला कोणीतरी हवं होतं. नवाहोंमध्ये तेव्हा सगळ्यांच्या वतीने सही करेल असं एक मंडळ नव्हतं. म्हणून १९२३ मध्ये आदिवासी परिषद भरवली गेली. आजच्या नवाहो नेशनच्या सरकारचं मूळ असं एका तेलाच्या भाडेपट्ट्यात आहे.

नागीझीला चाको कॅन्यनचा फाटा लागतो. पुढे आठ मैल डांबरी आणि तेरा मैल कच्चा रस्ता, गाडीची हाडं खिळखिळी करणारा. प्वेब्लो बोनिटो हा सहाशेहून अधिक खोल्यांचा वाडा, इसवी सन ८५० ते ११५० मधला, कुठे कुठे चार मजल्यांचा. एकावर एक चपट्या दगडांची चिणाई अशी की मध्ये सुरी जाणार नाही. तिथे दुपार गेली.

जून २०२३ मध्ये तत्कालीन मंत्री डेब हालंड यांनी चाकोभोवतीच्या दहा मैलांत सरकारी जमिनीवर नवे तेलपट्टे द्यायला वीस वर्षं बंदी केली. हालंड स्वतः न्यू मेक्सिकोतल्या लागुना प्वेब्लो या आदिवासी समाजातल्या, आणि फॉल ज्या खुर्चीवर बसला त्याच खुर्चीवर. प्वेब्लो लोकांना आनंद झाला, ही त्यांच्या पूर्वजांची जागा. पण त्याच महिन्यात त्या इथे समारंभाला येणार होत्या, तेव्हा नवाहो जमीनधारकांनी रस्ता अडवून ठेवला. जानेवारी २०२५ मध्ये नवाहो नेशन बंदीविरुद्ध न्यायालयात गेलं.

का, ते परतताना फाट्यावरच्या दुकानात कळलं. गल्ल्यावरच्या आजींना आम्ही कुठले ते विचारायचं होतं, मला तेलाचं. त्यांच्या आजोबांच्या नावावर १६० एकरांचा तुकडा झाला होता. आजोबा, मुलं, नातवंडं करत वारसनोंदी वाढत गेल्या. सामायिक सातबाऱ्यासारखं झालं सगळं. त्यांची जमीन बंदीत येत नाही, कागदोपत्री. पण आडवी विहीर दोन-तीन मैल जाते आणि शेजारचा तुकडा सरकारी. तिथून जाता येणार नसेल तर कंपनी यांच्या तुकड्यात कशाला येईल? "लोक म्हणतात पवित्र जागा वाचवली," त्या म्हणाल्या. "वाचवा. पण माझ्या घरी अजून पाणी टाकीतून येतं. ते कोणी वाचवलं?" त्यांची सख्खी बहीण बंदीच्या बाजूने आहे, धुळीने आणि वासाने तिचा दमा वाढतो. दोघी या विषयावर बोलत नाहीत.

"तुमच्याकडे तेल आहे?" त्यांनी विचारलं.

मी बॉम्बे हाय सांगितलं. १९७४ मध्ये मुंबईपासून दूर समुद्रात लागलेलं.

"मग तुमच्या राज्याला किती मिळतं?"

समुद्रातलं तेल केंद्राचं, त्याची रॉयल्टी दिल्लीला जाते, असं म्हणालो. आजींनी भाच्याकडे बघितलं, मी चेष्टा करत नाही ना याची खात्री करायला. मग म्हणाल्या, "आणि तुम्ही रस्ता नाही अडवला?"

भाचा म्हणाला, मामा, समुद्रात रस्ता कुठला अडवणार. आजी हसल्या, पण सुटे पैसे मोजून देताना पुन्हा एकदा माझ्याकडे बघितलंच त्यांनी.